मेमरी कार्ड घेताय? 'जीबी' नंतर बघा, आधी कार्डावरचे हे आकडे वाचा. लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत!

सुकापूर (ता. पनवेल) : तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मांडव उभे राहायला सुरुवात होते. नेरे, सुकापूर, आकुर्ली, पालीदेवद कुठंही जा, एका दिवशी चार-चार हळदी. हॉल, केटरर, बेंजो सगळं महिनाभर आधी ठरतं. फोटोवालाही ठरतो. पण त्याच्या कॅमेऱ्यात जे नखाएवढं कार्ड असतं, ज्यावर त्या दोन दिवसांची सगळी आठवण साठते, त्याची चौकशी कोणीच करत नाही.

आता कॅमेरे फक्त फोटोवाल्यांकडे राहिलेले नाहीत. माथेरान रोडला लागून इमारती झाल्या, घरोघरी पोरं शिकली, कुणी यूट्यूब चॅनल काढलं, कुणी कर्नाळ्याला पक्षी टिपायला जातो, कुणी लग्नाच्या ऑर्डरी घेतो. 40-50 हजारांचा कॅमेरा घेताना दहा जणांना विचारतात आणि कार्ड घेताना मात्र दुकानदाराला म्हणतात, "द्या एक 64 चं, स्वस्तातलं." नंतर फोटो उघडत नाहीत तेव्हा कळतं की चूक कॅमेऱ्याची नव्हती.

म्हणून आज हा विषय जरा सविस्तर. कार्डावर काय लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय, आपल्या कामाला कोणतं पुरतं, नकली कसं ओळखायचं आणि फोटो गेले तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं.

आधी कॅमेऱ्यात कोणतं कार्ड बसतं ते बघा

बहुतेक कॅमेऱ्यांत एसडी कार्ड चालतं. हे पोस्टाच्या तिकिटाएवढं असतं, 32 बाय 24 मिलीमीटर. सॅनडिस्क, पॅनासॉनिक आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून 1999 साली ते आणलं. मोबाईल, ड्रोन, गोप्रो आणि घरच्या सीसीटीव्हीत लागतं ते मायक्रो एसडी, 15 बाय 11 मिलीमीटरचं.

एसडी कार्डांत पण पिढ्या आहेत आणि ते कार्डावर छापलेलं असतं :

- नुसतं एसडी : 2 जीबीपर्यंत
- एसडीएचसी : 2 जीबीच्या वर ते 32 जीबी (2006 पासून)
- एसडीएक्ससी : 32 जीबीच्या वर ते 2 टीबी (2009 पासून)

नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, पण जुना कॅमेरा नवं कार्ड वाचत नाही. कपाटात वीस वर्षांपूर्वीचा छोटा डिजिटल कॅमेरा पडला असेल आणि त्यात 64 जीबीचं कार्ड घातलं तर 'कार्ड एरर' येणार. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही आणि कार्डाचाही नाही. जोडी जमत नाही एवढंच. अशा कॅमेऱ्यासाठी 2 जीबीचं साधं एसडी शोधावं लागतं.

जुन्या सोनी कॅमेऱ्यांत मेमरी स्टिक आणि जुन्या ऑलिंपस, फुजीच्या कॅमेऱ्यांत एक्सडी नावाचं कार्ड लागायचं. घरात असं कार्ड असेल तर त्यातले फोटो आताच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ती वाचणारे रीडर आता सहज मिळत नाहीत, पुढे आणखी अवघड होईल.

महागड्या कॅमेऱ्यांत सीएफएक्सप्रेस नावाचं जाड कार्ड येतं. त्यात 'टाईप ए' आणि 'टाईप बी' असे दोन वेगळे आकार आहेत. एकाच्या जागी दुसरं बसत नाही. ऑनलाईन मागवताना नेमकी इथेच गडबड होते, म्हणून कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडून नाव जुळवूनच पैसे भरा.

कार्डावरचे आकडे कसे वाचायचे?

कार्डावर इतकी अक्षरं, आकडे छापलेले असतात की बघूनच माणूस कंटाळतो. पण कामाच्या गोष्टी चारच.

1. मोठा आकडा आणि 'जीबी'. ही साठवण. 64 जीबीचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं की 59.6 च्या आसपास दाखवतं, 128 चं 119 दाखवतं. लोकांना वाटतं फसवलं. तसं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाईट धरते, कॉम्प्युटर त्याहून थोडा मोठा हिशोब धरतो. एकाच कापडाला एकाने हाताने मोजावं आणि दुसऱ्याने मीटरने, तसं हे.

2. 'एमबी पर सेकंद' चा मोठा आकडा. 100, 170, 200 असं ठळक छापलेलं असतं. हा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरवर फोटो किती पटकन उतरतील तो. कॅमेऱ्यात फोटो साठवताना कामाला येतो तो लिहिण्याचा वेग, आणि तो याच्यापेक्षा कमी असतो. कधी पाठीमागे बारीक अक्षरात असतो, कधी छापतच नाहीत. दुकानदार मोठा आकडा दाखवतो, तुम्ही दुसरा विचारा.

3. खात्रीचा वेग. हाच खरा आकडा. कार्ड कितीही भरलं तरी लिहिण्याचा वेग याच्या खाली जाणार नाही, अशी ही हमी. त्याच्या तीन खुणा आहेत :

- इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात 10 : सेकंदाला किमान 10 एमबी
- इंग्रजी 'यू' च्या वाटीत 1 : किमान 10 एमबी, 'यू' च्या वाटीत 3 : किमान 30 एमबी
- इंग्रजी 'व्ही' च्या पुढे 30, 60 किंवा 90 : जेवढा आकडा, तेवढे एमबी किमान

म्हणजे 'यू' मधला 3 आणि 'व्ही' 30 एकच गोष्ट सांगतात. दोन्ही खुणा एकाच कार्डावर असतात म्हणून वेग दुप्पट होत नाही.

4. रोमन एक किंवा दोन. कार्डावर एक उभी दांडी किंवा दोन उभ्या दांड्या दिसतात. एक दांडी म्हणजे यूएचएस-वन, तिथं रस्त्याची कमाल मर्यादा सेकंदाला 104 एमबी. दोन दांड्या म्हणजे यूएचएस-टू, तिथं 312 एमबीपर्यंत. यूएचएस-टू कार्ड उलटं केलं की सोनेरी पट्ट्यांच्या दोन रांगा दिसतात, साध्याला एकच रांग असते. ही खूण लक्षात ठेवा, कारण छपाई खोटी करता येते, पट्ट्यांची दुसरी रांग उगाच कोणी बसवत नाही.

आता महत्त्वाचं. तुमच्या कॅमेऱ्यात यूएचएस-वनचीच सोय असेल आणि तुम्ही तिप्पट पैसे देऊन यूएचएस-टू कार्ड घेतलं, तर ते चालेल, पण कॅमेऱ्यात साध्या वेगानेच चालेल. गावातल्या पाणंदीवर मोटार कितीही भारी आणा, धावणार ती पाणंदीच्या हिशोबानंच. कॅनन 1500डी सारख्या सुरुवातीच्या कॅमेऱ्याला यूएचएस-टू कार्डाचा फोटो काढताना काही उपयोग नाही.

आणखी एक. मोबाईलच्या मायक्रो एसडीवर 'ए1', 'ए2' लिहिलेलं असतं. ते मोबाईलमधली अ‍ॅप चालवण्यासाठी. कॅमेऱ्यासाठी त्याकडे बघून जास्त पैसे देऊ नका.

कॅमेरा मध्येच 'बिझी' का दाखवतो?

नवरा-नवरी हार घालतायत, अक्षता उडतायत, तुम्ही खटाखट दहा फोटो मारले आणि कॅमेरा थांबला. बटण दाबलं तरी फोटो निघत नाही. असं का होतं?

कॅमेऱ्याच्या पोटात एक छोटी तात्पुरती जागा असते, तिला बफर म्हणतात. फोटो आधी तिथं जातात, मग तिथून कार्डावर. खळ्यावर भात झोडणारे चार जण आणि पोत्यात भरणारा एकटा असेल तर काय होतं? रास वाढत जाते आणि शेवटी झोडणाऱ्यांना हात थांबवावा लागतो. कार्ड म्हणजे तो पोती भरणारा. त्याचा हात मंद, तर कॅमेरा थांबणार.

जेपेग फोटो हलका असतो. 24 मेगापिक्सेल कॅमेऱ्यात साधारण 8 एमबीचा. रॉ फाईल त्याच्या तिप्पट-चौपट जड. त्यामुळे रॉ काढणाऱ्याला मंद कार्ड लगेच जाणवतं, नुसतं जेपेग काढणाऱ्याला सहसा नाही.

व्हिडिओत तर मंद कार्ड चालतच नाही. फोटो थांबून थांबून लिहिता येतात, व्हिडिओचं पाणी मात्र सतत वाहत असतं. कार्डाला झेपलं नाही की रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं, आणि शूटिंग करणाऱ्याचं लक्ष नसेल तर मंगलाष्टका संपल्यावर कळतं.

व्हिडिओचा हिशोब असा करा

कॅमेऱ्यात व्हिडिओचा वेग मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो आणि कार्डाचा मेगाबाईटमध्ये. नावं सारखी वाटतात, पण आठ बिट मिळून एक बाईट होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या आकड्याला आठाने भागायचं.

फोर-के व्हिडिओ 100 मेगाबिटचा असेल तर 100 भागिले 8, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. म्हणजे 'व्ही' 30 चं कार्ड इथं आरामात पुरतं. 400 मेगाबिटचा व्हिडिओ काढणारा कॅमेरा असेल तर सेकंदाला 50 एमबी लागतात, तिथं 'व्ही' 60 घ्यावं लागतं. 'व्ही' 90 आपल्याकडच्या लग्नाच्या कामात क्वचितच लागतं.

आता जागा किती लागते ते बघा. 100 मेगाबिटचा व्हिडिओ तासाला 45 जीबी खातो. म्हणजे 128 जीबीचं कार्ड तीन तासही पुरत नाही, पावणेतीन तासांत भरतं. 50 मेगाबिटला तासाला साडेबावीस जीबी.

आपल्याकडची हळद संध्याकाळी सुरू होते ती मध्यरात्रीपर्यंत. सगळं शूट करायचं तर एका कार्डावर भागत नाही, हे आधीच धरून चाला.

फोटोंचा हिशोब : 64 जीबीच्या कार्डावर 8 एमबीचे साधारण 7 हजार जेपेग बसतात. रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवले तर दीड-पावणेदोन हजार.

कोणाला कोणतं कार्ड पुरेल?

घरच्या वापराला (सहल, वाढदिवस, गणपती, कॅनन 1500डी किंवा निकॉन डी3500 सारखा कॅमेरा) : 32 किंवा 64 जीबी, 'यू' मध्ये 1 किंवा 3, एक दांडीवालं. याच्यावर पैसे घालवायची गरज नाही. उरलेल्या पैशात अजून एक कार्ड घ्या.

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याला : 64 किंवा 128 जीबीची, 'व्ही' 30 ची किमान चार कार्डं. कॅमेऱ्यात यूएचएस-टूची सोय असेल आणि रॉ काढत असाल तर 'व्ही' 60. सगळी एकाच प्रकारची घ्या, म्हणजे गर्दीत कोणतं कुठं याचा गोंधळ होत नाही.

पक्षी टिपणाऱ्याला : कर्नाळ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तक एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जातो तो क्षण दोन सेकंदांचा. तिथं एका दमात वीस-तीस फोटो मारावे लागतात. इथं मात्र वेगाला खर्च करा. कॅमेरा यूएचएस-टू असेल तर दोन दांड्यांचं, 'व्ही' 60 चं कार्ड. फार मोठं नको, 64 जीबी पुरे.

ड्रोन आणि गोप्रोला : मायक्रो एसडी, 'व्ही' 30. आणि ड्रोनवाल्यांनो, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, तो आपल्या दारातच आहे. विमानतळाच्या आसपास ड्रोनवर निर्बंध असतात. सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर आपलं ठिकाण कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येतं ते बघूनच ऑर्डर घ्या.

सीसीटीव्ही आणि गाडीतल्या कॅमेऱ्याला : इथं कार्डावर रात्रंदिवस लिहिलं-पुसलं जातं. साधं कार्ड लवकर झिजतं, कारण प्रत्येक कार्डाला लिहिण्या-पुसण्याची मर्यादा असते. 'हाय एन्ड्युरन्स' असं लिहिलेलं कार्ड मागा. चोरी झाल्यावर कार्ड बंद होतं हे कळून उपयोग नाही, म्हणून महिन्यातून एकदा मागचं रेकॉर्डिंग उघडून बघा.

मायक्रो एसडी अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरता येतं का? येतं. अडीअडचणीला ठीक. पण अ‍ॅडॉप्टर म्हणजे मधे अजून एक जोड, आणि जोड जितके जास्त तितकी बिघडायची जागा जास्त. पैसे घेऊन काम करत असाल तर थेट एसडीच वापरा.

एक मोठं की दोन लहान?

256 जीबीचं एक घ्यावं की 64 ची चार? फोटोवाल्यांत यावर नेहमी वाद होतो. एक मोठं कार्ड घेतलं तर बदलायची कटकट नाही, पण ते गेलं तर हळद, लग्न, वरात, पाठवणी सगळं एकदम गेलं. लहान कार्डं घेतली तर एक गेलं तरी बाकीचं वाचतं, पण बदलताना हरवायची भीती.

मधला मार्ग असा : हळदीचं कार्ड वेगळं, लग्नाचं वेगळं. कार्ड मधेच भरायची वाट बघायची नाही. जेवणावळ सुरू झाली की, म्हणजे महत्त्वाचं काही चालू नसताना, बदलायचं. भरलेलं कार्ड खिशात नाही, डबीत ठेवायचं, आणि उलटं ठेवायचं. सुलटं म्हणजे रिकामं, उलटं म्हणजे भरलेलं, एवढा एकच नियम सगळ्या टीमने पाळला की घोळ होत नाही.

ज्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे, तिथं सेटिंग नक्की बघा. 'पहिलं भरलं की दुसऱ्यावर' अशी एक पद्धत असते आणि 'दोन्हीवर एकदम' अशी दुसरी. लग्नाला दुसरीच ठेवा. एकाच वेळी दोन ठिकाणी फोटो पडतात, एक कार्ड मेलं तरी दुसरं आहे. दोन कार्डांचा कॅमेरा घेऊन सेटिंग पहिलंच राहिलं तर दुसऱ्या कार्डाचा काही फायदा नाही.

नकली कार्ड : सगळ्यात मोठा धोका

रस्त्यावर, जत्रेत किंवा ऑनलाईन एखाद्या अनोळखी विक्रेत्याकडे 1 टीबीचं कार्ड पाच-सहाशेला दिसतं. नामांकित कंपनीचं नाव, चकचकीत पाकीट. हे कसं परवडतं? कारण आत 8 किंवा 16 जीबीचीच चिप असते. फक्त तिला 'मी 1 टीबी आहे' असं सांगायला शिकवलेलं असतं. मोबाईलला लावा, कॉम्प्युटरला लावा, तो 1 टीबीच दाखवणार.

खरी फसवणूक नंतर कळते. पहिले 8 जीबी फोटो व्यवस्थित साठतात. त्यानंतरचे फोटो कुठंच जात नाहीत, किंवा जुन्यांवरच चढतात. यादीत फोटोचं नाव दिसतं, पण उघडलं की करडा पट्टा किंवा काहीच नाही. हळद नीट आणि लग्न गायब, असा प्रकार यातूनच होतो. आणि असे फोटो परतही मिळत नाहीत, कारण ते कार्डावर कधी लिहिलेच गेलेले नसतात.

कार्ड खरं आहे का, घरी असं तपासा :

1. कॉम्प्युटर असेल तर विंडोजसाठी 'एच2टेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स, मॅकसाठी 'एफ3' हे फुकट प्रोग्राम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून बघतात. 64 जीबीला अर्धा ते एक तास, मंद कार्डाला जास्त. शेवटी जितकी खरी जागा तितकी सांगतात. रिकाम्या कार्डावरच करा.

2. कॉम्प्युटर नसेल तर कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करा आणि घरातला पंखा, अंगणातलं झाड, काहीही दिसेल त्याचा व्हिडिओ कार्ड पूर्ण भरेपर्यंत काढा. मग पहिला, मधला आणि शेवटचा व्हिडिओ चालवून बघा. तिन्ही शेवटपर्यंत चालले तर कार्ड बहुतेक खरं.

हे काम परत करायची मुदत संपायच्या आत करा. लग्नाच्या आदल्या दिवशी पाकीट फोडून नवं कार्ड वापरायला काढू नका.

पाकिटावर काय बघायचं? छापील एमआरपी, आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क. पाकीटबंद वस्तूवर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. नसेल तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

आपल्याकडचे बरेच फोटोवाले सामान आणायला पनवेलहून हार्बर लोकल पकडून सीएसएमटीला उतरतात आणि चालत बोरा बाजारात जातात. तिथं माल भरपूर, भावही बरा. पण 'बिलाशिवाय दोनशे कमी' म्हटलं की भुलू नका. बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि तक्रारही नाही. त्यापेक्षा पनवेलच्या ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊन घेतलेलं बरं. काही झालं तर दुकानदार रोज दिसतो.

आणि वॉरंटीचा अर्थ नीट समजून घ्या. पाच वर्षं असो नाहीतर 'लाईफटाईम', कार्ड खराब झालं तर कंपनी कार्ड बदलून देते. त्यावरचे फोटो देत नाही.

कार्ड जपायचं कसं?

- फोटो दोन ठिकाणी उतरवून झाले, उघडून बघितले, की मगच फॉरमॅट. आणि फॉरमॅट कॉम्प्युटरवर नाही, ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्यातच.
- एका कॅमेऱ्यातलं भरलेलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घालून फोटो काढू नका.
- कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असेल तोवर कार्डाचं झाकण उघडू नका, बॅटरी काढू नका. तेव्हा लिहिणं चालू असतं.
- बॅटरी अगदी संपेपर्यंत शूट करू नका. लिहिताना वीज गेली तर फाईल अर्धवट राहते.
- कार्यक्रम चालू असताना कॅमेऱ्यात बसून फोटो डिलीट करत राहू नका. घाईत चुकीचा जातो.
- जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा कशी असते सांगायला नको. कार्डं आणि कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ओल्या हाताने सोनेरी पट्ट्यांना हात लावू नका.
- कार्डाच्या कडेला छोटं लॉकचं बटण असतं. फोटो निघत नसतील तर आधी ते खाली सरकलंय का बघा. बऱ्याचदा दोष एवढाच असतो.

आणि कार्ड म्हणजे तिजोरी नाही. फोटो कार्डावरच ठेवून ते पाच-दहा वर्षं कपाटात ठेवलं तर आतली साठवण हळूहळू पुसट होऊ शकते. फोटोंच्या तीन प्रती हव्यात : दोन वेगवेगळ्या साधनांवर, उदाहरणार्थ कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क, आणि एक घराबाहेर, म्हणजे भावाकडे किंवा क्लाऊडवर. ज्यांच्या घरात एकदा तरी गाढी नदीचं पाणी आलंय, त्यांना घराबाहेरची प्रत का हवी ते वेगळं सांगायला नको.

फोटो गेले तर पहिली पाच मिनिटं

डिलीट झाले, चुकून फॉरमॅट झालं, 'कार्ड एरर' आला, तर :

1. थांबा. त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका.
2. कार्ड काढा, लॉकचं बटण खाली करा, बाजूला ठेवा.
3. 'फॉरमॅट करू का?' असं कॅमेऱ्याने किंवा कॉम्प्युटरने विचारलं तर 'नाही' म्हणा.

साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पुस्तकाची पानं तशीच असतात. वर नवीन काही लिहिलं नाही तर पानं परत मिळू शकतात. 'फोटोरेक' नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्याने कार्डातले फोटो शोधून काढता येतात. मात्र ते त्याच कार्डावर नाही, कॉम्प्युटरवर साठवायचे. कार्ड तुटलं किंवा कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर घरी प्रयोग करू नका, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या, आणि काम होण्याआधी खर्च लेखी विचारून घ्या.

लग्नघरासाठी : फोटोवाल्याला हे चार प्रश्न विचारा

घरात कॅमेरा नसला तरी हा भाग तुमच्यासाठी आहे.

1. तुमच्या कॅमेऱ्यात एक कार्ड बसतं की दोन?
2. हळदीच्या रात्रीच फोटो दुसरीकडे उतरवून ठेवता का?
3. आमच्या हातात फोटो येईपर्यंत कार्ड आणि प्रत पुसणार नाही ना?
4. फोटो गेले तर काय? हे पावतीवर लिहून द्याल का?

चांगला फोटोवाला या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं की गिऱ्हाईकाला कळतंय. ॲडव्हान्स देताना तारीख, रक्कम आणि काय-काय मिळणार हे लिहून घ्या. तोंडी ठरलं ते पुढे कोणीच कबूल करत नाही.

कार्ड नकली निघालं किंवा पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे. तिथं मिटलं नाही तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. फक्त बिल किंवा पावती हातात हवी.

हे सगळं कशासाठी?

आपल्या आगरी-कोळी लग्नात धवलारीण येते, धवले म्हणते. मांडव, हळद, तेलवण, प्रत्येक विधीचं वेगळं गाणं. ही गाणी बऱ्याच जणींना तोंडपाठ आहेत, वहीत उतरवलेली फार थोडी. आता धवले म्हणणाऱ्या बायकांचं वय झालंय आणि डीजेच्या आवाजात त्यांच्याकडे कॅमेरा वळवायलाही कोणाला वेळ नसतो. एखाद्या हळदीत त्यांचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ नीट निघाला, नीट साठवला, तर तो त्या घरापुरता राहत नाही, गावाचा ठेवा होतो. आणि तोच व्हिडिओ पाचशे रुपयांच्या खोट्या कार्डावर गेला तर ते गाणं परत म्हणायला पुढच्या वेळी ती आजी असेलच असं नाही.

आजी-आजोबांचा फोटो, मुलीची पाठवणी, इमारत उभी राहायच्या आधीचं शेत, यातलं काहीच परत काढता येत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आधी कॅमेरा काय मागतो ते बघा, मग कार्ड घ्या.
- फोटोला 'यू' मध्ये 1 किंवा 3, फोर-के व्हिडिओला 'व्ही' 30. एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं.
- मोठा छापलेला वेग वाचण्याचा असतो, लिहिण्याचा विचारा.
- एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम बरी.
- पक्कं बिल घ्या आणि घेतल्या घेतल्या कार्ड पूर्ण भरून तपासा.
- फोटो गेले तर त्या कार्डाला हात लावू नका.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर पाठवा. ज्यांच्या घरी या सिझनला लग्न आहे त्यांना आणि गावातल्या नव्या फोटोवाल्या पोरांना तर आवर्जून.